उभी रेघ

गाठ आमच्याकडे पोचते तेव्हा
बाटलीवर तिचं गाव चिकटवलेलं असतं :
भिंड, डबरा, दतिया, सबलगड.
मग मेण, मग केसाहून पातळ काप,
जांभळा रंग, गुलाबी रंग,
आणि मी.

जनकगंजात आमच्या कठड्यावर घुबड बसलं
की आत्या स्वयंपाकघरातून थाळी बडवत यायची.
मी रोज घुबड शोधते.
एका पेशीत दोन केंद्रकं, वाटोळी,
शेजारी शेजारी, रोखून बघणारी.
पुस्तकातही त्यांना घुबडाचे डोळेच म्हटलंय.
सापडले की मी खुर्चीत मागे रेलते.
लिंफोमाच्या सगळ्या भावंडांत हा त्यातल्या त्यात
औषधाचं ऐकणारा.
घुबड बघून ‘चला, बरं झालं’ म्हणणारी
आमच्या घराण्यात मीच पहिली.

यंदा मागची अकरा वर्षं उघडून बसलोय.
दोनशे सात नावं.
कागद सांगतात गाठ कुठली, टप्पा कुठला,
सुया किती, ताप किती वेळा.
माणूस आहे का, हे कागद सांगत नाहीत.
त्याला फोन लावावा लागतो.

भदौरिया नावाची पोरगी, पहिल्या वर्षाची,
तिला मी पहिल्या दिवशीच शिकवलं :
‘कैसे हैं’ असं विचारायचं.
काही झालं तरी
त्यातलं ‘कैसे’ गाळायचं नाही.

एक नंबर आता मोबाइलच्या दुकानातल्या पोराचा आहे.
एक नुसता वाजतो.
एका बाईचं वाक्य
‘वो तो दिवाली के पहले ही’ इथे थांबलं
आणि आम्हांला विचारावं लागलं,
कुठली दिवाळी, आधी म्हणजे किती आधी.
आलेखाला तारीख लागते.
तिने दिली. वर ‘बेटा’ म्हणाली.

मुरेन्याहून दाताराम बघेल स्वतः बोलले,
मागे गजक कुटल्याचे ठोके :
‘जिंदा हूँ! क्यों, कुछ और निकला क्या?’
नाही, काही नाही निघालं, भदौरिया ओरडली,
आणि फोन ठेवल्यावर
उगाच पेन्सिलला टोक करत बसली.

आलेख जिन्यासारखा उतरतो.
कोणी गेलं की एक पायरी खाली.
ज्यांचा पत्ताच लागला नाही त्यांना पायरी नाही,
सपाट रेषेवर एक छोटी उभी रेघ :
इथपर्यंत होते. पुढचं ठाऊक नाही.
परिषदेत पडद्यावर सगळे जिना बघतात.
रेघांबद्दल प्रश्न विचारलेला मी तरी ऐकला नाही.

एकशे बेचाळीस : इंदुमती खिरवडकर.
चौथीत त्यांनी मला पावकी-निमकी पाठ करून घेतली होती.
मानेतली गाठ मीच बघितली त्यांची.
घुबड नव्हतं.
लहान लहान पेशी, एकसारख्या,
शाळा भरल्यासारख्या दाटीने बसलेल्या.
हळू चालणारा प्रकार,
वर्षानुवर्षं सोबत करणारा, पण सोडून न जाणारा.
शेवटची भेट आठ वर्षांमागे. नंबर बंद.

म्हणून रविवारी दौलतगंजात गेले.
दाराला कुलूप, कुलपावर गंज,
शेजारच्या बाई मेथी निवडत होत्या.
‘खिरवडकर बाई? अहो, त्या गेल्या ना!’

कुठे, हा शब्द
तोंडात यायला फार वेळ लागला.

‘पुण्याला. का नागपूरला बाई. मुलाकडे.
पाच वर्षं तरी झाली.
जाताना हंडा मला देऊन गेल्या.’
हंडा दाखवला. त्यात कडीपत्ता लावला होता.

म्हणजे पाच वर्षांमागे स्वतःच्या पायांनी
जिना उतरल्या होत्या. हा झाला का पुरावा?
शेजारणीची मेथी, हंडा, ‘का नागपूरला’?
आमच्या भाषेत लोक गावालाही जातात
आणि तसेही जातात,
क्रियापद बिचारं एकच.
रकान्यात ‘गेल्या’ लिहून चालत नाही.

सोमवारी भदौरिया कर्सर लावून बसली होती.
‘मॅडम, एकशे बेचाळीस?
जिवंत लिहू, का…?’

खिडकीतून किल्ल्याची तटबंदी दिसत होती,
पलीकडे सेंट्रिफ्यूज गुरगुरत होतं.

रेघ घाल, मी म्हणाले.
उभी.